घाबरणाऱ्या बाईचं सोंग

चंद्रावती माझी धाकटी जाऊ. तिच्याएवढी भित्री बाई आमच्या खाडीकाठच्या गावात दुसरी नव्हती, आणि हे मी, ठमाबाई, तिला रोज तोंडावर सांगायची. फोन वाजला की हिच्या छातीत धडधड. पोस्टमन दारात आला की ही मोरीत. बँकेत अंगठा द्यायचा तर हात एवढा थरथरायचा की साहेब वैतागून दुसरा कागद काढायचा. मिठागर चालू होतं तेव्हा हीच बाई डोक्यावर मिठाची टोपली घेऊन निसरड्या बांधावरून अशी चालायची की बघत राहावं. तिथं हिला भीती म्हणून नाय. सगळी भीती माणसांची, त्यातून शिकलेल्या माणसांची, आणि पांढरा कोट दिसला की मग विचारूच नका.

त्याला कारण होतं म्हणा. तिचा नवरा पुंडलिक, म्हणजे माझा दीर, पोटाचं दुखणं घेऊन एका मोठ्या दवाखान्यात गेला. ही बाहेर बाकावर बसलेली. आत कुणी सोडेना. येणारा जाणारा जो तो म्हणायचा, "घाबरू नका, काय होत नाय." बस, तेवढंच. काय झालंय, काय चाललंय, कुणी एका शब्दानं सांगितलं नाय, आणि विचारायची हिची छाती नाय. मग एक माणूस दारातून ओरडला, "बॉडी घ्यायला कोण आलंय?" तर ही आजूबाजूला बघायला लागली, कुणा बिचारीचं माणूस गेलं म्हणून. नाव घेतलं तेव्हा कळलं की ती बिचारी आपणच. त्या वेळी मी तिथं असते तर त्या माणसाचं काय केलं असतं देव जाणे. पण मी घरी होते, पोरं सांभाळत.

तेव्हापासून ती दवाखान्याच्या रस्त्यानंसुद्धा जायची नाय. ताप आला तर काढा, दुखलं तर चटका. मी ओरडले तर म्हणायची, "बाय, तिथं गेलेला माणूस मला परत मिळाला नाय."

अशी बाई नर्सिंगच्या शाळेत कामाला लागली, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाय. ते असं झालं. गावात शाळेच्या पडवीत तपासणीचं शिबिर होतं. रांग मोडून कुणीतरी पुढं घुसला आणि मी डॉक्टरपासून शिपायापर्यंत सगळ्यांना फैलावर घेतलं. चंद्रावती माझ्या पाठीमागं, तोंडात पदराचा बोळा. एक मॅडम हे सगळं हसून बघत होत्या. नंतर जवळ येऊन म्हणाल्या, "मी नमिता. रोह्याजवळच्या अष्टमी गावात नर्सिंगच्या मुलींना शिकवते. मला तुम्ही दोघी पाहिजेत."

मला वाटलं, पोलिसात देते का काय! पण नमिता मॅडमनी नीट समजावलं. पोरी इंजेक्शन रबराच्या हातावर शिकतात. बोलायला कुठं शिकणार? रबराचा हात बोलत नाय, रडत नाय, भांडत नाय. म्हणून खोटा पेशंट पाहिजे आणि खोटा नातेवाईक. एकीनं घाबरायचं, दुसरीनं तंडायचं. पोरींनी त्यांच्याशी बोलायची सवय करायची. मी म्हटलं, "मॅडम, ह्यात खोटं काय हाय? हे तर आमचं घरचंच चाललंय."

मी चेष्टेवारी नेलं. आठवड्यानं एका सकाळी वाल सोलता सोलता चंद्रावती म्हणाली, "जाऊ या बाय."

"कुठं?"

"त्या मॅडमकडं. माणसाशी कसं बोलायचं ते पोरींना कुणीतरी शिकवाया पायजे ना."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मी तिला दोन शिव्या घातल्या आणि लुगडं बदलायला उठले.

कासू स्टेशनला गाडी धरायची, रोह्याला उतरायचं, बाजारात चहा मारायचा आणि कुंडलिकेचा पूल ओलांडून अष्टमीला जायचं, असा आमचा नेम पडला. पुलावर ती माझा पदर धरायची. शाळेच्या दारात पाय अडखळायचा. पण आत वर्गातल्या खाटेवर बसली की मॅडम म्हणायच्या तशी "न बोलणारी पेशंट" तिच्याइतकी कुणाला जमली नाय. पोरींनी पाठ केलेले प्रश्न विचारावेत, "तुम्हाला काय त्रास होतोय? कधीपासून होतोय?" आणि हिनं जमिनीकडं बघत "व्हय" म्हणावं. काय विचाराल त्याला व्हय. गोळ्या कळल्या? व्हय. उपाशी राहायचंय, समजलं? व्हय. पोरी खुश होऊन उठायच्या. मग मॅडम चंद्रावतीला विचारायच्या, "तुम्हाला काय कळलं?" ती म्हणायची, "काय नाय." पोरींची तोंडं बघण्यासारखी व्हायची! आमच्याकडं शिकलेल्या माणसाला नाय म्हणत नाय. भीती वाटली की व्हय म्हणायचं आणि सुटायचं, हेच आम्ही लहानपणापासून शिकलो.

त्या पोरींत एक करिश्मा होती. गागोद्याच्या अंगाला कातकरवाडी हाय, तिथली. काळीसावळी, बारीक, आणि चंद्रावतीपेक्षा भित्री. मागच्या परीक्षेला तिच्या तोंडातून शब्द फुटला नव्हता म्हणून नापास झालेली. तिची पाळी आली तर ही जमिनीकडं बघतेय, चंद्रावतीपण जमिनीकडं बघतेय. ही बोलत नाय, ती बोलत नाय. मला राहवेना. "अगो, फरशीत काय सोनं पुरलंय का?" मॅडमनी मला डोळ्यानं दाबलं.

मग करिश्मा हळूच म्हणाली, "मावशी, आज घरी काय रांधलंस?"

"वालाचं बिरडं," चंद्रावती म्हणाली.

"माझी आयपण करते. पर सोलाया मलाच बसवते."

चंद्रावती हसली, मान वर केली, आणि बोलायला लागली. वालावरून मिठागर, मिठागरावरून पुंडलिक, आणि पुंडलिकावरून तो बाक आणि तो दारातला माणूस. कधी मला सांगितलं नव्हतं एवढं त्या पोरीला सांगितलं. करिश्मानं काय उपदेश केला नाय, नुसता तिचा हात धरून बसली. त्या दिवसापासून ती पोर चंद्रावतीची झाली. गाडीत तेच. "बाय, ती पास व्हायला पायजे हां." जणू पोटची पोर बोर्डाला बसलीय.

परीक्षेच्या दिवशी सकाळीच मला तिचा चेहरा बरा वाटला नाय. कासूला फलाटावर बसली ती छाती चोळत. मी विचारलं तर म्हणाली, "पित्त झालंय." रोह्याच्या बाजारात तिला सोडा पाजला. ढेकर आली नाय. पुलावर चालता चालता थांबली आणि कठडा धरला. ऊन अजून वर चढलं नव्हतं आणि ही घामानं भिजलेली.

मी म्हटलं, "चल, आल्या पावली परत जाऊ. नायतर दवाखान्यात दाखवू."

दवाखाना म्हटल्यावर तिचे डोळे असे झाले की बोलल्याचा मलाच पस्तावा झाला. "नको बाय, तुझ्या पाया पडते. आज पोरीची परीक्षा हाय. एवढी होऊ दे, मग तू म्हणशील तिथं येते."

मी खूप तणतणले. पण रस्त्यात तिला खांद्यावर टाकून तर नेता येत नाय.

शाळेत नमिता मॅडम वरच्या मजल्यावर पोरींना रांगेत बसवत होत्या. आमच्या खोलीत बाहेरून आलेले परीक्षक सर, कोपऱ्यात खुर्ची टाकून, मांडीवर कागद. त्यांनी आम्हाला नियम सांगितले. घंटी होईपर्यंत सोंग सोडायचं नाय. पेशंटला खरंच काय अडचण आली तर तिनं हात वर करायचा, म्हणजे ते थांबवतील. पोरीनं सोंग मोडलं तर तिचे गुण गेले. चंद्रावतीनं पोटात दुखायचं आणि भरती व्हायला नाय म्हणायचं. मी भांडायचं, हिला घरी नेते म्हणून.

करिश्मा आत आली. हात जोडले, स्टूल ओढून बसली. ओठ सुकलेले. "मावशी, मी करिश्मा. काय त्रास होतोय तुम्हाला?"

चंद्रावती म्हणाली, "छातीवर कुणी पाटा ठेवलाय गो."

मला वाटलं, विसरली! मी तिला चिमटा काढला, "पोटात सांगायचंय, पोटात." मग मी तिच्याकडं नीट बघितलं. तोंड राखेसारखं, डावा हात मांडीत दाबून धरलेला.

"चंद्रे, हात वर कर," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. नाय. तिनं करिश्माकडं बघितलं आणि परत मान हलवली. परीक्षा अर्धवट थांबली तर पोरीचे गुण जातील म्हणून ही बाई हात वर करायला तयार नव्हती!

मग मी ओरडले. "अवो सर, हिला खरंच होतंय! थांबवा हे! माझी जाऊ मरतेय हितं!" सर माझ्याकडं बघून हसले, मान डोलावली आणि कागदावर काय तरी लिहिलं. मी अजून जोरात ओरडले. टेबल बडवलं, त्यांना नको ते बोलले. तर त्यांचा चेहरा अजून खुलला. अहो, भांडणारी नातेवाईक म्हणून तर मला आणलेली! माझं खरं ओरडणं आणि खोटं ओरडणं ह्यात फरक कसा करायचा त्या माणसानं? आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडाला कुणी भ्यालं नाय, आणि तेव्हाच मला भीती म्हणजे काय ते कळलं.

करिश्मानं चंद्रावतीचं मनगट धरलं. मग कपाळाला हात लावला आणि आपला ओला तळवा बघितला.

"सर," ती म्हणाली, "घाम सोंगात येत नाय."

"रोलमध्ये राहा. तुमची वेळ चालू आहे," सर म्हणाले.

पोरगी उभी राहिली. तिनं दार उघडलं आणि ज्या पोरीचा आवाज कधी पहिल्या बाकापर्यंत पोचला नव्हता ती सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी ओरडली, "मॅडम! रिक्षा बोलवा! मावशी खरीच आजारी हाय!"

पुढचं सगळं पळापळीचं. मॅडम धावत आल्या. सर आता एवढे घाबरले की रिक्षापर्यंत उचलायला तेच पुढं. पूल ओलांडून रोह्यात दवाखान्यात नेलं. छातीला वायरी लावल्या, जिभेखाली गोळी दिली, इंजेक्शन दिलं. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हार्ट अटॅक आहे, मोठा आहे, लगेच पनवेलला न्यायला पाहिजे, इथं थांबून जमणार नाय. बाहेर ॲम्ब्युलन्स उभी.

आणि चंद्रावती खाटेचा दांडा सोडेना.

"मला घरी न्या. बाय, मला घरी ने." दोन बायकांनी बोटं सोडवायचा प्रयत्न केला. डॉक्टर भले होते, त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "घाबरू नका, काही होत नाही." ते ऐकलं मात्र, ती अशी थरथरायला लागली की वायरी निघाल्या. पुंडलिकाच्या वेळी ह्याच शब्दांनी तिला फसवलं होतं, ते त्या डॉक्टरांना कसं ठाऊक असणार? मी रडत होते, शिव्या देत होते, हात जोडत होते. काय उपयोग नाय. एकेक मिनिट जातंय आणि हिची बोटं लोखंडावरनं सुटत नायत. ती त्या खाटेवरच मरणार, असं मला वाटलं.

करिश्मा खाली वाकली, तिच्या तोंडासमोर तोंड आणलं.

"मी मरंन का गो?" चंद्रावतीनं विचारलं.

"मला ठाऊक नाय, मावशी," करिश्मा म्हणाली. "हृदयाची नस बंद झालीय. हितं राहिलीस तर मरशील. तिकडं नस उघडतात. गेलीस तर जगशील असं वाटतं, पर नक्की सांगत नाय. रस्ता लांब हाय. मला पण भीती वाटतेय."

मला वाटलं, ह्या पोरीच्या कानाखाली वाजवावी. असं सांगतात का कुणी पेशंटला? पण चंद्रावतीचं थरथरणं कमी झालं.

"तू येशील?"

"येते."

"मला न सांगता काय करायचं नाय."

"नाय करणार. सगळं सांगीन. खोटं नाय बोलणार."

चंद्रावतीनं दांडा सोडला आणि तिचा हात धरला.

ॲम्ब्युलन्समध्ये मी पायाशी, करिश्मा उशाशी. नागोठणं मागं पडलं. पोर शब्दाला जागत होती. "मावशी, आता सलाईन वाढवतायत." "मावशी, आता बोटाला चिमटा लावतायत, दुखणार नाय." चंद्रावती डोळे मिटूनच विचारत होती, "आता काय?" कासूचा फाटा आला तेव्हा तिनं विचारलं, "आपला फाटा गेला का?" करिश्मानं बाहेर बघितलं आणि सांगितलं, "आता गेला." मी खिडकीकडं तोंड फिरवलं. घरी जायचा रस्ता तो, आणि आम्ही सरळ पुढं.

वडखळ सोडलं आणि तिला उलटी झाली. डोळे फिरले. बरोबर आलेला दवाखान्याचा माणूस ड्रायव्हरला ओरडला, "पनवेल नको, पेणमध्येच घ्या!" पेणच्या दवाखान्यात स्ट्रेचर आत गेलं. चंद्रावतीनं करिश्माचा हात सोडला नाय आणि पोरीच्या अंगावर नर्सिंगचे कपडे, म्हणून तिलाही आत जाऊ दिलं. मला दारात थांबवलं. बाक होता. मी बसले नाय. त्या बाकाला पाठ टेकवायची मला हिंमत झाली नाय.

काय काय नवस बोलले ते आता आठवत नाय. दार उघडलं की मी पुढं धावायची. कधी वॉर्डबॉय, कधी कुणी पिशवी घेऊन जाणारी बाई. मी, जी कलेक्टरला घाबरत नाय, ती त्या दाराच्या कडीला घाबरत होते.

मग करिश्मा बाहेर आली.

आता एक सांगते. शाळेत आम्ही हापण खेळ करायचो, वाईट बातमी सांगायचा. त्याची रीत ठरलेली. पोरीनं उभ्यानं सांगायचं नाय. माणसाला बसवायचं, आपण जवळ बसायचं, त्याला काय ठाऊक हाय ते आधी विचारायचं. मग म्हणायचं, वाईट बातमी आहे. मग जरा थांबायचं. मग सरळ सांगायचं, आडवळण नाय. कितीतरी पोरींनी मला असं सांगितलंय. आणि सांगितलं की मी कपाळ बडवून अशी किंचाळायची की शेजारच्या वर्गातली पोरं दारात यायची.

करिश्मा माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "ठमामावशी, बस ना."

"नाय बसत," मी म्हटलं. "उभ्यानं सांग. चांगलं असंल तर उभ्यानं सांगता येतं. सांग उभ्यानं!"

तिनं माझा दंड धरला, मला बाकावर बसवलं, आपण बाजूला बसली. मला पुढचं सगळं ठाऊक होतं. ती तोंड उघडण्याआधी मला सगळं ठाऊक होतं आणि तरी मी देवाला म्हणत होते की ही पोर रीत विसरली असू दे.

"वाईट बातमी हाय," ती म्हणाली. थांबली. "चंद्रामावशी गेली. हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी खूप केलं, परत चालू झालं नाय."

माझ्या तोंडातून आवाज निघाला नाय. खोटं किंचाळून किंचाळून खऱ्याला काय उरलंच नव्हतं. पोर उठली नाय, पाणी आणायला पळाली नाय, "रडू नको" म्हणाली नाय. बसून राहिली.

मग मी तिला विचारलं, "भ्याली होती का गो? शेवटी?"

नाय म्हण, असं मी मनात म्हणत होते. नाय म्हण, झोपल्यासारखी गेली म्हण. कुणीही तसंच सांगितलं असतं, मीसुद्धा.

करिश्मा माझ्याकडं बघत म्हणाली, "व्हय मावशी. जाम भ्याली होती. मी तिला सगळं सांगत होते, पर तरी भ्याली होती." आणि तिनं आपला हात माझ्यापुढं धरला. हाताच्या पाठीवर चंद्रावतीच्या नखांचे खड्डे पडले होते, एका ठिकाणी रक्त आलं होतं.

मी तो हात घट्ट धरला आणि तेव्हा मला रडू फुटलं.